भरलेली काठी

त्यांचं नाव या गोष्टीत येणार नाही. ते जन्मले वाळवंटातल्या हीला नदीच्या वरच्या अंगाला, पिमा या मूळनिवासी जमातीच्या गावात. लग्न करून खालच्या अंगाला, शेजारच्या मारिकोपा जमातीच्या वस्तीत राहायला आले आणि तिथेच गेले. मारिकोपांत गेलेल्या माणसाचं नाव कोणी घेत नाही. तेव्हा काका. रोवीनाचे थोरले काका.

एवढं म्हटलं की पुरे.

*

रोवीनाच्या पुस्तकाचं पहिलं वाक्य, पहिल्यांदा:

पिमा आणि मारिकोपा या दोन जमाती हीला नदीच्या पाण्यावर शेजारी शेजारी जगत आल्या आहेत.

खोडलं. कुठल्या पाण्यावर? रोवीना लिहीत होती त्या खोलीच्या खिडकीतून नदीचं पात्र दिसायचं. वाळू, दोन टायर, आणि वाळूत उभं राहून कुठे जावं ते न कळणारं एक कुत्रं. पाणी शंभरेक वर्षांपूर्वीच वरच्या अंगाच्या गोऱ्यांनी आपापल्या शेतांकडे वळवून घेतलं होतं.

पहिलं वाक्य, दुसऱ्यांदा:

मारिकोपा पश्चिमेकडून लढायांना कंटाळून आले आणि पिमांनी त्यांना जागा दिली.

हे काकूने खोडलं. रोवीनाने वाचून दाखवलं तेव्हा ऑरीलिया काकू मांडवाखाली मडकं घोटत बसली होती. हातातला गुळगुळीत दगड न थांबवता म्हणाली, "जागा दिली म्हणे! लिही, की तुम्हा पिमांकडे धड एक मडकं नव्हतं. ओंजळीने पाणी पीत होतात. आम्ही आलो म्हणून माठातलं गार पाणी तरी बघितलंत."

"बघितलं ना," काका खुर्चीतून म्हणाले. "बघितलं आणि फसलो. मी तर माठ बघायला म्हणून आलो, चाळीस वर्षं झाली, अजून घरी गेलो नाही."

रोवीना स्वतः आईकडून मारिकोपा, बापाकडून पिमा. दोघांच्या टोमण्यांमध्ये लहानाची मोठी झालेली. हसली आणि वाक्य खोडून टाकलं.

*

काठीवर खूण: बारीक आडवी रेघ. म्हणजे साल आलं आणि गेलं.

काठी सग्वारो निवडुंगाच्या बरगडीची होती. निवडुंग मरून सुकला की मांस गळून जातं आणि आत उंच, हलक्या, सरळ बरगड्या उरतात, त्यांतली एक. काकांच्या मामाने ती काकांच्या हातात दिली होती, मामाला त्याच्या मामाने. दर हिवाळ्यात एक रेघ. त्या वर्षात काही घडलं असेल तर रेघेशेजारी एखादा ठिपका, एखादी तिरपी खाच, एखादा फुलीसारखा ओरखडा. बस्स. अक्षर नाही, आकडा नाही. ठिपका कशाचा ते ज्याने कोरला त्याला माहीत, आणि ज्याला त्याने सांगितलं त्याला.

काका अंगठ्याचं नख खाचेत टेकवायचे, डोळे मिटायचे, आणि ते साल तोंडातून बाहेर यायचं. कोणाचं लग्न, कोणाची बैलगाडी, कुठली साथ, कुठली लढाई. हिवाळ्यात वस्तीतली पोरंटोरं, म्हातारे, सगळे यायचे. लहानपणी रोवीनाही यायची. तिला त्यातलं आठवतं ते एवढंच, की शेगडीशेजारी फार ऊब होती आणि काकांच्या गोष्टीत सगळे खूप खायचे.

आता ती वस्तीच्या नव्या संग्रहालयासाठी दोन्ही जमातींचा इतिहास लिहीत होती. विद्यापीठातून डॉक्टरेट घेऊन आलेली, वस्तीतली पहिलीच. नदीच्या त्या काठावर वाचणारा माणूस जिवंत असलेली काठी एकच उरली होती. पुस्तक तिच्याविना म्हणजे गोऱ्यांनी लिहिलेलंच पुन्हा एकदा लिहायचं. हे रोवीनाला माहीत होतं. सगळ्यांपेक्षा जास्त माहीत होतं.

*

उन्हाळा.

"काका, एक साल सांगा. एकच."

"बाहेर ऊन किती आहे?"

"चाळीसच्या वर."

"मग साप जागे आहेत. काठी बोलायला लागली की ते ऐकायला येतात. मला डायलिसिसच्या सुईपासून पळता येत नाही, सापापासून काय पळणार? तुझी काकू पळेल."

"मी कशाला पळू?" काकू म्हणाली. "मी सापाला म्हणेन, घेऊन जा बाबा, फार बोलतो."

"बघ. ही मारिकोपांची माया."

रोवीनाने रेकॉर्डर टेबलावर ठेवला होता. काकांनी त्याच्याकडे पाहून मान हलवली, खुर्चीमागे टेकून ठेवलेली काठी उचलली, मांडीवर आडवी घेतली. रोवीनाने रेकॉर्डरचं बटण दाबलं. काकांनी काठीने पाठ खाजवली आणि परत ठेवून दिली.

"फोटो तरी काढू द्या."

"तिला आवडत नाही. अंगावरचं लुगडं ओढल्यासारखं होतं." मग जरा वेळाने, हसू आवरून, "थंडीत ये ना. मागल्या थंडीत आली असतीस तर आत्तापर्यंत आपण लढाईपर्यंत पोचलो असतो."

रोवीनाने रेकॉर्डर बंद करून पिशवीत टाकला.

*

मागली थंडी. सांगितलीच पाहिजे, नाहीतर पुढचं लागणार नाही.

काकांनी स्वतः फोन केला होता. त्यांना फोनवर बोलणं जमत नसे, ते ओरडत. "ये! गार झालंय! शेगडी पेटवली!"

रोवीना तेव्हा हजारो मैल दूर होती, देशाच्या राजधानीत, पुराण्या सरकारी कागदांच्या थंडगार खोलीत. म्हणाली, नाताळला येते. नक्की. काकू तिकडून ओरडली, काय करू खायला? रोवीना म्हणाली, वाल. तुमचे टेपरी वाल, पांढरे. त्याशिवाय मी येणार नाही.

नाताळच्या चार दिवस आधी कागदांची ती खोली सांभाळणाऱ्या बाईने तिला सांगितलं, की एका जुन्या लष्करी अधिकाऱ्याच्या कागदांचं खोकं सापडलंय, हीलाकाठचंच आहे, पण सुट्टीनंतर ते दुसरीकडे जाणार. रोवीना थांबली. फोन करायचं ठरवलं, ते राहून गेलं, मग उशीर झाला, मग वाटलं, काका काही रागावणाऱ्यातले नाहीत, पुढच्या हिवाळ्यात बसूच निवांत.

खोक्यात काय होतं? चाऱ्याचा हिशेब. उन्हाची तक्रार. आणि एका पानावर: इथले म्हातारे करमणुकीखातर काठ्यांवर खाचा पाडीत बसतात, त्यांना काही अर्थ असावासं दिसत नाही.

रोवीनाने ते वाक्य उतरवून घेतलं. खाली तळटीप घातली. टीप चांगली होती.

*

काठीवर खूण:

नाही, ही खूण कोणी कोरली नाही. सप्टेंबरात काका गेले. उन्हं अजून उतरायची होती. डायलिसिसच्या खुर्चीतून उठले, दाराशी नर्सला काहीतरी गमतीचं बोलले, आणि पार्किंगमध्ये डेलबर्टच्या पिकअपमध्ये बसता बसता. डेलबर्ट हा काकूचा भाचा, त्यांना दवाखान्यात नेणं-आणणं त्याच्याकडे. तो नंतर सांगायचा, की दार लावून मी फिरून माझ्या बाजूला आलो तेवढ्यात. तेवढं फिरून येईपर्यंत.

*

पहिलं वाक्य, तिसऱ्यांदा:

पिमा आपले मृत पुरतात, मारिकोपा जाळतात.

खरं आहे. पण हे वाक्य लिहायला ती बसली नव्हती. ते तिच्या डोळ्यांसमोर, मांडवाखाली, दुपारच्या धुळीत उभं होतं.

काकांनी सांगून ठेवलं होतं: इकडचा झालोय, इकडच्यासारखंच करा. म्हणून परसात मेस्कीटच्या लाकडांचं सरण रचलं जात होतं. आणि मांडवाखाली त्यांच्या वस्तूंचा ढीग. टोपी. सणाचे बूट. दोन गोधड्या. फाटक्या हाताची खुर्ची. रेडिओ. जे त्यांचं, ते त्यांच्याबरोबर. काही मागे ठेवलं तर ते ओढत राहतं, गेलेल्याला आणि राहिलेल्यांनाही.

ढिगाच्या वर काठी.

रोवीना तिथेच उभी राहिली. रडून झालं होतं, आणि आता रडण्यापेक्षा वाईट असं काहीतरी छातीत वळवळत होतं. तिला त्याची लाज वाटत होती, तरी ते थांबत नव्हतं.

"काकू," ती म्हणाली. "काठी नको."

काकू पायरीवर बसली होती. रीतीप्रमाणे केस कापून टाकले होते, त्यामुळे वेगळीच कोणी वाटत होती. "काय नको?"

"बूट त्यांचे. टोपी त्यांची. काठी त्यांची एकट्याची नाही. सगळ्यांची आहे. शंभराच्या वर वर्षं आहेत तिच्यात. त्यांच्या आधीच्या मामांची आहेत."

डेलबर्ट खुर्ची उचलून सरणाकडे चालला होता, तो थांबला. "डॉक्टरीणबाई, आजच्या दिवशी तरी."

"तू गप बस, डेलबर्ट."

"मी गपच आहे. खुर्ची जड आहे म्हणून बोललो."

काकू उठली, ढिगावरून काठी उचलली. दोन्ही हातांवर घेतली, तिचं वजन करावं तशी.

"सगळ्यांची असेल," ती म्हणाली, "तर कोणाला तरी वाचता येत असेल. त्यांना त्यांच्या मामाने अशी फुकट नाही दिली. म्हातारा म्हणाला, वाच. ह्यांनी वाचली. मग दिली. ज्याला वाचता येते त्याची काठी. तुला येत असेल तर घेऊन जा, मी कोणाला काही म्हणणार नाही. येत नसेल तर ती त्यांची."

आणि काठी रोवीनाच्या हातात ठेवली.

*

इथे जरा थांबायला हवं.

पिमांच्या बोलीत दोन शब्द आहेत: पि माच. ठाऊक नाही. म्हणतात, पहिले परके घोड्यांवर बसून नदीकाठी आले, तुम्ही कोण, कुठले, असं त्यांच्या भाषेत विचारत राहिले, आणि तिथली माणसं प्रत्येक प्रश्नाला म्हणत राहिली, पि माच, पि माच. परक्यांनी लिहून घेतलं: पिमा. तेव्हापासून सगळ्या लोकांचं नाव 'ठाऊक नाही'. शाळेत रोवीनाला याचा फार राग यायचा. मोठं होऊन आपण सगळं ठाऊक करून घेऊ, अशी तेव्हा तिने मनाशी गाठ मारली होती.

त्या दुपारी ते दोन शब्द तिच्या जिभेवर होते. म्हणायला श्वासही लागला नसता. काकूने काय केलं असतं, सांगता येत नाही. कदाचित म्हणाली असती, बरं, निदान खरं बोललीस, ठेव तुझ्याकडे. कदाचित नसती म्हणाली.

रोवीनाने काठी नीट धरली.

काठी भरलेली होती. दोन्ही टोकांपर्यंत खाचा, कुठे जागा शिल्लक नाही. तिने हाताशी आलेलं टोक उन्हात धरलं. अगदी टोकाची रेघ, आणि तिच्याभोवती बारीक ठिपक्यांचा सडा. मूठभर ठिपके. हे तिला माहीत होतं! दुसऱ्या गावांच्या ज्या काठ्या कधीकाळी कोणी वाचून लिहून ठेवल्या होत्या, त्यांतल्या कितीतरी अशाच ठिपक्यांनी सुरू होत. तिने ती पानं पाठ केली होती.

तिने अंगठ्याचं नख ठिपक्यांवर टेकवलं. डोळे मिटले. डोळे मिटायला नको होते, हे तिला नंतर फार वाटलं.

"आकाशातून तारे पडले ते साल," ती म्हणाली. "रात्रभर पडत होते. लोकांना वाटलं, आता जग संपणार. म्हातारे बाहेर येऊन उभे राहिले..."

आवाज आपोआप काकांच्या चालीवर गेला. सरण रचणारी माणसं थांबली. डेलबर्टने खुर्ची खाली ठेवली आणि भान न राहून तिच्यावरच बसला, मग दचकून उठला.

"यानंतर दोन सालं काही नाही. मग ही तिरपी खाच. पश्चिमेकडचे लोक चाल करून आले. इथे साथ..."

"रोवीना."

तिने डोळे उघडले.

काकू रागावलेली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं. ती पुढे आली आणि बोटाच्या टोकाने, न शिवता, ठिपके दाखवले.

"हे शेवटचं टोक आहे, बाळ. सुरुवात तिकडे. ही मागल्या थंडीतली रेघ. मी शेजारी बसले होते ना, कोरताना. बाकीच्या खुणा मला नाही कळत. ही तेवढी कळते."

"मग हे..."

"वाल."

कोणीतरी लाकूड खाली ठेवलं, त्याचा आवाज झाला.

"तू येणार म्हणून पांढरे वाल भिजत घातले होते. पहिल्या दिवशी पाणी बदललं. दुसऱ्या दिवशी बदललं. म्हणाले, येईल गं, रस्ता लांबचा आहे. मग बघितलं तर वालांना मोड आलेले. मी टाकायला निघाले, तर म्हणाले, थांब, आणि चाकू मागितला. म्हणाले, यंदा दुसरं काहीच घडलं नाही. मोड आले एवढंच लिहितो."

काकू हसली. खरंच हसली, आणि तसंच तोंड फिरवून पायरीशी गेली.

"हसत होते कोरताना," ती पाठमोरीच म्हणाली. "राग नव्हता. ते तुला कळलं पाहिजे म्हणून सांगितलं. आणि तू खोटं वाचलंस असंही मी म्हणत नाही. दुसऱ्या कोणाची तरी काठी वाचलीस."

*

पहिलं वाक्य, चौथ्यांदा:

*

डेलबर्ट जवळ आला. हळूच म्हणाला, "फोटो काढून ठेव ना. मावशी बघत नाहीये. खुणा तर राहतील."

"कशाच्या खुणा? मोडांच्या?"

"बाकीच्या."

रोवीनाने फोन काढला. काठी पूर्ण येईना. एका टोकाशी घेतली तर दुसरं सुटत होतं. मागे सरकली, तर खाचा दिसेनाशा झाल्या, नुसती काठी दिसू लागली, कोणाचीही, पाठ खाजवायची. तिने फोन खिशात टाकला.

मग ती स्वतःच चालत गेली. काठी ढिगावर नाही ठेवली, थेट सरणावर नेली, काकांना निजवायचं तिथे, त्यांच्या उजव्या हाताला लागेल अशी. वालांचं टोक अंगठ्याकडे यावं म्हणून एकदा फिरवली. ते तरी बरोबर झालं की नाही, तिला सांगता येणार नाही.

रात्रभर म्हातारे खुळखुळ्यांवर गात राहिले. उजाडताना काकूने अग्नी दिला. मेस्कीट सावकाश जळतं, ते दुपारपर्यंत धुमसत होतं. निवडुंगाच्या बरगडीला वेळ लागत नाही. बूट पेटायच्याही आधी ती गेली होती.

*

डेलबर्ट तिला घरी सोडायला निघाला. पिकअपमध्ये काका बसायचे त्या बाजूचं दार उघडताना तो क्षणभर थबकला, मग उघडलं. रोवीना बसली. पिकअप नदीच्या कोरड्या पात्रावरच्या पुलावर आली.

"तू दर थंडीत तिथे असायचास ना?" रोवीना म्हणाली. "काठी वाचायचे तेव्हा."

"असायचो की. मावशीच्या हातच्या पोळ्यांसाठी. दोन सालं ऐकायचो आणि तिथेच आडवा व्हायचो."

"दोन सालं म्हणजे दर थंडीची दोन. इतक्या वर्षांची मिळून पुष्कळ झाली."

"तीच तीच असायची बहुतेक. मी हसायचो म्हणून मी असलो की तीच काढायचे." डेलबर्टने आरसा नीट केला, तो नीटच होता. "एक खेचराचं होतं. म्हणजे एका साली पाऊस इतका पडला की नदीला पाणी आलं, आणि पाद्र्याचं खेचर..."

रोवीनाचा हात पिशवीकडे गेला होता, रेकॉर्डर होता तिथे. तो तिने मागे घेतला आणि मांडीवर ठेवला, नुसता.

"खेचराला वाटलं..." डेलबर्ट म्हणाला, आणि थांबला.

"मग?"

त्याने ओठ आवळले.

"नाही जमणार गं," तो म्हणाला. "मी सांगायला गेलो की ते सांगतायत असंच होतं. खेचराचा आवाज ते काढायचे ना. मला दुसरा येतच नाही. आणि आत्ता आत्ताच त्यांना..."

"राहू दे."

"एक वर्ष जाऊ दे. मग बघू."

"हो."

"तोवर मी विसरेन, असं वाटतंय का तुला?"

रोवीनाने मान फिरवून बाहेर पाहिलं. कालव्यापलीकडे हिरवंगार शेत होतं, कोणाचं ते तिला माहीत होतं. "खेचराला काय वाटलं," तिला विचारायचं होतं. ती म्हणाली, "डेलबर्ट, जरा हळू चालव."

त्याने पिकअप हळू केली.